मेहनतीचे माप : कोल्हापूरच्या तालमींचा इतिहास

कोल्हापूरच्या जुन्या पेठांमध्ये दर काही गल्ल्यांमागे एक तालीम लागते. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी आणि काळा इमाम या तालमींची नावे कुस्तीमुळे महाराष्ट्रभर पोहोचली. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार आणि खंडोबा या तालमी आज फुटबॉल संघांमुळे अधिक ओळखल्या जातात. बाबूजमाल आणि अवचित पीर यांच्यासारख्या तालमी पिराच्या नावाने चालत आल्या. गणपती बसवायचा, मोहरमचे पंजे बसवायचे, गल्लीतले भांडण मिटवायचे, अडल्यानडल्याला मदत करायची, ही सगळी कामे तालमीकडेच असत. तरी तिचे मूळ काम एकच होते, पेठेतल्या पोरांकडून रोज न चुकता मेहनत करून घेणे. माणसाने रोज किती व्यायाम करावा, हा प्रश्न अलीकडे दवाखान्यात विचारला जातो. कोल्हापुरात कित्येक पिढ्या त्याचे उत्तर वस्ताद देत आला.

जुनी तालीम बाहेरून साधीच दिसते. जाड भिंती, ठेंगणे दार, कौलारू छप्पर आणि उजेडापुरता झरोका. आत एका बाजूला कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती आणि मध्ये तांबड्या मातीचा हौदा. ही माती शेतातून उचलून आणलेली नसते. ती चाळून घेतात, तिच्यात ताक, लिंबाचा रस, हळद आणि तेल मुरवतात. त्यामुळे ती मऊ राहते, अंगाला चिकटत नाही आणि खरचटले तरी जखम सहसा चिघळत नाही, असा पैलवानांचा अनुभव आहे. हौद्यातली माती रोज खोऱ्याने उकरून पुन्हा सारखी करावी लागते. नव्या पोराच्या वाट्याला पहिल्यांदा हेच काम येई. खांदे, पाठ, कंबर आणि पंजे एकदम कामाला लावणारा हा व्यायाम आहे, आणि डाव शिकण्याच्या आधी पोराचे अंग तयार होई ते या उकरण्यातून.

दिवस पहाटे सुरू होई. अंगाला तेल लावून, लंगोट कसून, मारुतीला नमस्कार करून पोरे हौद्यात उतरत. एका वेळेला लढत आणि दुसऱ्या वेळेला जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणे, गदा आणि करेला फिरवणे, अशी मेहनतीची वाटणी असे. जोराने छाती, दंड आणि खांदे बनतात. बैठकांनी मांड्या आणि दम. नामांकित मल्लांचे आकडे ऐकून आजचा माणूस थक्क होतो. गामा पैलवान रोज तीन हजार जोर आणि पाच हजार बैठका काढत असे, असे सांगितले जाते. अशा आकड्यांत कौतुकाची भर पडलेली असू शकते. मात्र रोज हजाराच्या हिशेबात बैठका काढणारे मल्ल कोल्हापूरच्या तालमींत होते, यात शंका नाही.

खरे शहाणपण या हजारांच्या आकड्यात नव्हते, तिथवर जाण्याच्या रीतीत होते. पहिल्या दिवशी आलेल्या पोराला वस्ताद थोडेच जोर आणि थोड्याच बैठका सांगे. आठ-पंधरा दिवसांनी त्यात भर घाली. पोराचा श्वास कसा चालतो, घाम कुठे फुटतो, दुसऱ्या दिवशी तो ताजा येतो की आंबून येतो, हे पाहून पुढचा आकडा ठरे. आजारातून उठलेल्याला पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागे. एकाच तालमीत एकाच वेळी कुणी पन्नास बैठका काढी, तर कुणी हजार, आणि दोघांचीही मेहनत पुरी मानली जाई.

आयुर्वेदात हेच माप 'अर्धशक्ती' या नावाने आले आहे. अंगातली निम्मी शक्ती खर्च होईल इतकाच व्यायाम करावा, असे सुश्रुत आणि वाग्भट सांगतात. ती मर्यादा ओळखण्याच्या खुणाही दिल्या आहेत. कपाळ, नाक, काखा आणि सांधे यांवर घाम येतो, तोंडाला कोरड पडते. यापुढे रेटले तर तहान, क्षय, खोकला, ताप असे विकार मागे लागतात, असा इशारा आहे. वाग्भट आणखी एक बारकावा नोंदवतो. सशक्त आणि तूपतेल खाणाऱ्या माणसाने थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीपर्यंत जावे, इतरांनी आणि इतर ऋतूंत त्याहून कमी करावे. म्हणजे व्यायामाचे माप वय, आहार, ऋतू आणि ताकद पाहून बदलते, हा विचार हजार वर्षांहून जुना आहे. वस्तादांनी हे ग्रंथ वाचले असतीलच असे नाही, पण त्यांची नजर हेच पाहत होती.

या परंपरेची मुळे लढाईच्या गरजेत आहेत. पन्हाळा हा या मुलखाचा लष्करी कणा. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी मनपाडळे आणि पारगाव येथील दोन मारुती पन्हाळ्याच्याच टापूत आहेत. बलोपासनेचे दैवत आणि किल्ल्यांचा प्रदेश एकत्र यावेत, यात नवल नाही. लाठी, भाला, दांडपट्टा, फरी-गदका आणि दोरी बांधलेला विटा यांचे शिक्षण शिपाईगिरीचा भाग होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस करवीर राज्याची राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरात आली आणि शिबंदीबरोबर हे सगळे शहरात उतरले. पुढे इंग्रजी अंमल पक्का झाला. १८५७ च्या जुलैअखेर कोल्हापुरातल्या २७ व्या नेटिव्ह इन्फंट्रीने उठाव केला, तो मोडला गेला आणि राजाचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवण्यात आले. हत्याराची विद्या पोटापाण्याला लागेनाशी झाली. ती मर्दानी खेळ म्हणून उरली, आजही कोल्हापूरची पोरे-पोरी ती शिकतात. कुस्तीला मात्र हत्यार लागत नव्हते. शिपाईगिरी संपल्यावरही शरीर घडवण्याचे काम कुस्तीने चालू ठेवले.

२ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांच्या हाती राज्याधिकार आला आणि या परंपरेला राजाश्रय मिळाला. महाराज अंगाने धिप्पाड, स्वतः मेहनत आणि कुस्ती केलेले. त्यांनी तालमींना मदत दिली, मल्लांचे खुराक बांधून दिले, पंजाब आणि उत्तरेकडच्या नामांकित पैलवानांना बोलावून घेतले. बाहेरचे मल्ल आले की त्यांचे डाव, त्यांची मेहनतीची रीत आणि त्यांची शिस्तही इथल्या पोरांना जवळून पाहायला मिळे. सामाजिक समतेसाठी लढणाऱ्या या राजाने आखाडाही त्यातून सोडला नाही. अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मल्लांची जात पुढे येऊ नये म्हणून त्यांना नवी बिरुदे दिली आणि मैदानात उतरवले. माती अंगाला लागली की कोण कुठल्या घरचा हे दिसत नाही. शाळा आणि वसतिगृहे काढणाऱ्या महाराजांनी तालमीचे हे सामर्थ्य नेमके ओळखले होते.

त्यांच्या कुस्तीप्रेमाची सर्वांत मोठी खूण म्हणजे खासबाग मैदान. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज विलायतेला गेले होते. त्या प्रवासात पाहिलेल्या युरोपातल्या जुन्या क्रीडागारांवरून त्यांना हे मैदान सुचले, असे कोल्हापुरात परंपरेने सांगतात. १९१२ मध्ये ते खुले झाले. मधला हौदा आणि सभोवती चढत गेलेली मातीची उतरण अशी रचना आहे. कुठेही बसले तरी समोरच्याच्या डोक्याआड कुस्ती जात नाही. हजारो माणसे एका वेळी बसतात. गामाचा भाऊ इमामबक्ष याच्यासारखे मल्ल येथे लढले. शेजारीच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले, तेच आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती आणि नाटक यांना एका राजाने शेजारीशेजारी घर दिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत हे नाट्यगृह जळाले आणि खासबागच्या त्या बाजूलाही झळ बसली, तेव्हा सारे शहर हळहळले.

मैदानाचा परिणाम तालमीवर होतो. गावोगावच्या जत्रा आणि उरूस यांत कुस्त्यांचे मैदान भरते, हलगी-घुमके वाजते, जोडी ठरते, निकाली कुस्तीवर इनाम लागते. खासबागेत एकदा तरी नाव पुकारले जावे, या ओढीने कागल, राधानगरी, शाहूवाडी, शिराळा, चिकोडी अशा लांबच्या गावांतली पोरे वळकटी घेऊन कोल्हापुरात येत आणि तालमीतच राहत. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत. रोजची मेहनत एकट्याने टिकवणे अवघड असते. तालमीत ती टिकत असे, कारण पहाटे उठवायला शेजारी जोडीदार असे आणि चुकारपणा पाहायला वस्ताद.

मेहनतीबरोबर खुराक आला. दूध, तूप, बदामाची थंडाई, केळी, भाकरी, आणि ज्याच्या घरी चाले त्याला मटण. पैलवान पोसणे हे गरीब घराला पेलणारे काम नव्हते. अनेक आईबापांनी घरची दुभती म्हैस पोराच्या नावाने राखून ठेवली. कोल्हापूरच्या दूधकट्ट्यांची प्रथा याच वातावरणात रुजली. गंगावेशीसारख्या ठिकाणी म्हशी आणून उभ्या करतात आणि समोर पिळलेले धारोष्ण दूध गिऱ्हाईक तिथेच उभ्याने पितात. पैलवानांसाठी असलेली ही चाल पुढे साऱ्या गावाची झाली.

तांबड्या मातीतली ही मेहनत जगाच्या पातळीवर कितपत उतरते, याची कसोटी खाशाबा जाधवांनी दिली. १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी जन्मलेले खाशाबा शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि मॅटवर लढण्याची सवय नसताना फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली. बँटमवेट गटात खाशाबांनी ब्राँझपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. बारीक चणीच्या या मल्लाने हेही दाखवून दिले की कुस्तीची मेहनत म्हणजे देह फुगवणे नव्हे. दम, चपळाई आणि पकड यांवर त्यांची कुस्ती उभी होती. इतके करून त्यांना पुढचे आयुष्य साध्या पोलिसी नोकरीत आणि उपेक्षेत काढावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. मराठी समाजाने या उपेक्षेची लाज बाळगली पाहिजे.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि राजाश्रय संपला. तालमी लगेच ओस पडल्या नाहीत. उलट पुढची दोन-तीन दशके कोल्हापूरच्या कुस्तीचा बहर होता. सीमाभागातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे शाहूपुरी तालमीत घडले आणि १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले. पुढच्याच वर्षी हा मान शिराळा तालुक्यातल्या पुनवतच्या गणपतराव आंदळकरांना मिळाला. मोतीबाग तालमीत त्यांनी नंतर वस्ताद म्हणून पिढ्या घडवल्या, दादू चौगुले त्यांतलेच. राजाची जागा सहकाराने घेतली. साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन सुरू केले, वारणानगरसारख्या ठिकाणी कारखान्यांच्या परिसरात मोठी मैदाने भरू लागली.

बदल दुसऱ्या बाजूने आला. स्पर्धांची कुस्ती मॅटवर गेली, गुणांवर आणि मिनिटांवर ठरू लागली. तालमींनी हळूहळू मॅट घेतले, माती आणि मॅट शेजारीशेजारी नांदू लागले. पेठांमधल्या अनेक तालमींत पोरांचे मन फुटबॉलने ओढले. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचा सामना असला की पेठा आजही ओस पडतात. हौदे बुजले, तालमीचे 'तालीम मंडळ' झाले, काही इमारतींत जिमची यंत्रे आली. फुटबॉलमुळे धावणे टिकले ही समाधानाची बाब. मैदानात मात्र संघाचे मोजके खेळाडू धावतात आणि बाकीची पेठ बसून पाहते. पूर्वी कुस्ती न लढणारी पोरेही पहाटे चार बैठका काढायला तालमीत येत, ती रीत गेली. आरोग्याच्या दृष्टीने खरे नुकसान झाले ते इथे.

तालमीचा इतिहास पुरुषांचा आहे. बायकांना तिथे प्रवेश नव्हता. त्यांची मेहनत जात्यावर, विहिरीवर, पंचगंगेच्या घाटावर आणि शेतात होई, आणि तिला कुणी व्यायाम म्हटले नाही, तिच्यासाठी खुराकही बांधला नाही. चालणे मात्र सर्वांच्या वाट्याला होते. चैत्रात जोतिबाच्या डोंगराची वाट, नवरात्रातल्या पंचमीला अंबाबाईच्या पालखीमागे टेंबलाईपर्यंतची वाट, आषाढी एकादशीला पुईखडीच्या रिंगणासह नंदवाळची दिंडी, नवरात्रभर अनवाणी फिरण्याचे व्रत. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले त्या १६६० च्या रात्रीची आठवण म्हणून पन्हाळा ते पावनखिंड ही वाट दर पावसाळ्यात हजारो तरुण पायी तुडवतात. या यात्रा वर्षातून एकदाच येतात, तरी त्या पार पाडण्याइतके पाय वर्षभर तयार असावे लागत. शेतकऱ्याचे आणि बाजाराला चालत येणाऱ्या माणसाचे ते असतच.

शहर दुचाकीवर बसले तेव्हा हे चित्र पालटले. शरीर हलवण्याची गरज रोजच्या कामातून गेली आणि तालमीतूनही. कामातल्या हालचालीचा हृदयाशी असलेला संबंध विज्ञानाने त्याआधीच मोजला होता. लंडनच्या दुमजली बसगाड्यांतले चालक दिवसभर बसून असत आणि वाहक जिने चढत-उतरत असत. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की वाहकांना हृदयविकार कमी होतो. पुढे मोजमापाचे वेड आले. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र 'दहा हजार पावले' या नावाने विकले गेले, आणि तो सुटसुटीत आकडा जगभर नियमासारखा पसरला. तो संशोधनातून आलेला नव्हता. वृद्ध स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचे प्रमाण फार थोडे चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर त्यात विशेष भर पडली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेले माप असे आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, म्हणजे झपझप चालण्यासारखा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून किमान तीन दिवस करावा. जे इतके करू शकत नाहीत त्यांनी जमेल तेवढे करावे, कारण थोड्याचाही उपयोग होतो. रोजच्या हिशेबात हे अर्ध्या तासाचे चालणे आणि थोड्या बैठका होतात. मल्लाच्या हजारांशी याची तुलना करू नये. तालमीत लढायला नव्हे, निरोगी राहायला येणारा पेठेतला साधा पोरगा रोज जेवढे करी, त्याच्या फार जवळचे हे माप आहे. तरीही २०२४ मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ एवढेही करत नव्हते.

मल्लांच्या आयुष्यातून याची उलटी बाजूही दिसते. मैदान सुटल्यावर मेहनत एकदम थांबते आणि खुराक मात्र चालू राहतो. अशा अनेक पैलवानांचे वजन वाढले, साखर आणि रक्तदाबाने त्यांना गाठले. तरुणपणी काढलेल्या लाख बैठका उतारवयात शिल्लक म्हणून वापरता येत नाहीत. जुने जाणते वस्ताद म्हणूनच कुस्ती सोडणाऱ्याला मेहनत हळूहळू उतरवायला आणि खाणे तिच्याबरोबर कमी करायला सांगत.

आज रंकाळ्याच्या काठावर आणि शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात पहाटे चालणाऱ्यांची गर्दी असते. तिच्यात स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, आणि तालमीच्या काळापेक्षा ही निश्चितच पुढची पायरी आहे. परंतु चालण्याने ताकदीचा व्यायाम होत नाही, आणि तलावापासून दूरच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांना ही सोयही नाही. पेठांमधल्या तालमींच्या इमारती अजून उभ्या आहेत, त्यांची मंडळे जागती आहेत, नव्या पोराला पहिल्या दिवशी किती बैठका सांगायच्या हे जाणणारी माणसेही अजून आहेत. तालीम मंडळांनी या जागा पहाटेचे दोन तास पेठेतल्या प्रत्येक वयाच्या स्त्री-पुरुषांसाठी उघडाव्यात आणि एका जाणत्या वस्तादाला तिथे उभे करावे.